अणूंची इलेक्ट्रॉन-देवघेव आणि स्थैर्याचा प्रश्न

रसायनशास्त्राच्या अध्यापनात एक विधान इतके रूढ झाले आहे की, त्याची फोड करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. सोडियमच्या अणूच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. तो देऊन टाकला की त्यास निऑनप्रमाणे आठ इलेक्ट्रॉनांचे अष्टक प्राप्त होते व अणू स्थिर होतो. क्लोरीनच्या अणूस एक इलेक्ट्रॉन कमी पडतो; तो मिळाला की त्यास आर्गॉनप्रमाणे अष्टक लाभते व तोही स्थिर होतो. शालेय पुस्तकांपासून पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपर्यंत हे विधान याच स्वरूपात आढळते. मिठाच्या स्फटिकात सोडियमचे धन आयन व क्लोरीनचे ऋण आयन असतात आणि दोहोंच्या बाह्य कवचांत आठ-आठ इलेक्ट्रॉन असतात, एवढे वर्णन यथार्थच आहे. परंतु ‘स्थिर होण्यासाठी’ या शब्दांनी जो कार्यकारणभाव सुचविला जातो, तो मापनांच्या कसोटीस उतरत नाही. इलेक्ट्रॉन गमावल्याने किंवा मिळविल्याने एकटा अणू स्थिर होतो काय, आणि होत नसल्यास आयनमय संयुगांच्या स्थैर्याचे मूळ कोठे शोधावे, या प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखातील ऊर्जेचे सर्व आकडे एका मोलामागे किलोज्यूल या मानाने दिलेले आहेत.

१. अष्टक-कल्पनेचा उगम

१८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावल्यानंतर संयुजेचा संबंध इलेक्ट्रॉनांच्या संख्येशी जोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. एखाद्या मूलद्रव्याची कमाल धन संयुजा व कमाल ऋण संयुजा यांची बेरीज बहुधा आठ भरते, हे रिचर्ड आबेग यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले. पुढे १९१६ मध्ये दोन स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाले. जर्मनीत वाल्टर कोसेल यांनी असे प्रतिपादन केले की, आवर्त सारणीत निष्क्रिय वायूंच्या अलीकडे-पलीकडे असणारी मूलद्रव्ये इलेक्ट्रॉनांची देवघेव करून त्या वायूंसारखी रचना धारण करतात. अमेरिकेत गिल्बर्ट लुइस यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीत दोन अणू भागीदार होतात, ही कल्पना मांडली. १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी या विचारांचा विस्तार केला व ‘अष्टक’ हा शब्द रूढ केला.

त्या काळी निष्क्रिय वायूंचे एकही संयुग ज्ञात नव्हते. त्यामुळे त्यांची रचना ही स्थैर्याची परिसीमा होय आणि इतर अणूंची वाटचाल त्याच दिशेने होते, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. मूळ निबंधांत हा नियम अनुभवावर आधारलेला एक सोयीस्कर संकेत होता. अध्यापनाच्या ओघात त्याला कारणाचे रूप आले. अणूला अष्टकाची ‘इच्छा’ असते, सोडियम इलेक्ट्रॉन देण्यास ‘उत्सुक’ असतो, ही भाषा त्यातूनच निर्माण झाली.

२. एकाकी अणूचा हिशेब

वायुरूप सोडियमच्या अणूतील बाह्यतम इलेक्ट्रॉन काढून घेण्यास ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. हीच त्याची आयनीभवन-ऊर्जा. तो इलेक्ट्रॉन आपण होऊन सुटत नाही. अणुकेंद्राच्या आकर्षणाविरुद्ध तो ओढून काढावा लागतो. तेव्हा एकाकी स्थितीत सोडियमचा अणूच अधिक स्थिर असतो. त्याचा आयन व सुटा इलेक्ट्रॉन ही जोडी नव्हे. याच्या उलट बाजू अधिक विचारप्रवर्तक आहे. सोडियमच्या वायुरूप अणूस एक जादा इलेक्ट्रॉन मिळाला, तर सुमारे ५३ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे ज्या अणूविषयी तो इलेक्ट्रॉन देऊन स्थिर होतो असे सांगितले जाते, तो एकटा असताना इलेक्ट्रॉन दिल्याने त्याची ऊर्जा वाढते आणि घेतल्याने कमी होते.

क्लोरीनच्या बाबतीत मात्र रूढ विधान निम्मे खरे ठरते. त्याच्या अणूने इलेक्ट्रॉन स्वीकारला असता ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तथापि, हा इलेक्ट्रॉन सोडियमकडून मिळवावयाचा म्हटल्यास ४९६ खर्च व ३४९ जमा, असा १४७ किलोज्यूलचा तोटा राहतोच.

सोडियमऐवजी अन्य धातू घेऊन हा तोटा भरून काढता येईल काय? सर्व मूलद्रव्यांत सर्वांत कमी आयनीभवन-ऊर्जा सीझियमची असून ती ३७६ आहे. इलेक्ट्रॉन स्वीकारताना सर्वांत अधिक ऊर्जा सोडणारे मूलद्रव्य क्लोरीनच होय. फ्लुओरीनचा आकडाही ३२८ इतकाच आहे. म्हणजे सर्वांत उदार दाता व सर्वांत समर्थ घेणारा एकत्र आणले तरी २७ किलोज्यूल कमीच पडतात. परस्परांपासून अतिदूर असलेल्या दोन उदासीन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनची देवघेव होऊन ऊर्जेचा लाभ झाला, असे आवर्त सारणीतील कोणत्याही जोडीच्या बाबतीत घडत नाही. अष्टकाची पूर्तता हेच स्थैर्याचे कारण असते, तर हा निष्कर्ष निघाला नसता.

३. देवघेव कोठे घडते?

असे असूनही सोडियम व क्लोरीन यांचा संयोग प्रकाश व उष्णता यांसह जोराने घडून येतो. याचा उलगडा अंतराच्या विचाराने होतो. अणू जवळ येत असताना इलेक्ट्रॉनचे स्थलांतर झाले, तर निर्माण होणाऱ्या धन व ऋण आयनांमध्ये कूलंबच्या नियमानुसार आकर्षण असते आणि अंतर घटेल तसा त्यापासून होणारा ऊर्जेचा लाभ वाढतो. १४७ किलोज्यूलची तूट सुमारे ९.५ अँगस्ट्रॉम अंतरावर भरून निघते, असे साध्या गणिताने दिसते. त्याहून दूर असताना अणूंनी उदासीन राहणे फायद्याचे, त्याहून जवळ आल्यास आयन होणे फायद्याचे. वायुरूप सोडियम क्लोराइडच्या रेणूत दोन केंद्रांमधील अंतर २.३६ अँगस्ट्रॉम असते. यावरून हे स्थलांतर बंध पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, बऱ्याच दुरून शक्य होते, हे ध्यानात येईल.

ही कल्पना केवळ कागदावरची नाही. अल्कली धातूंची बाष्पे व हॅलोजन यांच्या विक्रियांचा अभ्यास मायकेल पोलान्यी यांनी १९२० नंतरच्या दशकात बर्लिन येथे केला. त्यांपैकी काही विक्रियांचा वेग, कणांच्या आकारमानावरून टकरींची जी संख्या अपेक्षित होती, तीहून अधिक आढळला. धातूचा अणू दुरूनच आपला इलेक्ट्रॉन हॅलोजनच्या रेणूकडे फेकतो व नंतर विद्युत् आकर्षणाने दोघे एकमेकांकडे ओढले जातात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. देवमाशाच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या, दोरी बांधलेल्या भाल्याची उपमा या यंत्रणेस मिळाली व तेच नाव पुढे रूढ झाले. येथे इलेक्ट्रॉनच्या स्थलांतराचे कारण अष्टक नसून, स्थलांतरानंतर उत्पन्न होणारे परस्पर आकर्षण आहे.

४. स्फटिकाचा वाटा

नित्याच्या व्यवहारातील मीठ वायुरूप रेणूंचे बनलेले नसते. १९१३ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना निश्चित केली. तीत प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन व प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडियम आयन असतात. सोडियम क्लोराइडचा असा स्वतंत्र रेणू त्यात दाखविता येत नाही. रसायनशास्त्राच्या तत्कालीन विचारसरणीस हे इतके अपरिचित होते की, हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ मध्येही ‘नेचर’ नियतकालिकात त्याविरुद्ध उपहासपूर्ण पत्र लिहिले.

या स्फटिकाच्या निर्मितीचा ऊर्जाविषयक हिशेब मांडण्याची पद्धत माक्स बोर्न व फ्रिट्झ हाबर यांनी १९१९ मध्ये घालून दिली. घन सोडियम व वायुरूप क्लोरीन यांपासून मिठाचा एक मोल तयार होण्याचे टप्पे पुढीलप्रमाणे कल्पिता येतात :

(अ) घन सोडियमचे वायुरूप अणूंत रूपांतर : खर्च १०७
(आ) क्लोरीनच्या अर्ध्या मोल रेणूंचे विघटन : खर्च १२१
(इ) सोडियमचे आयनीभवन : खर्च ४९६
(ई) क्लोरीनकडून इलेक्ट्रॉनचा स्वीकार : जमा ३४९
(उ) वायुरूप आयनांपासून स्फटिकाची रचना : जमा ७८७

पहिल्या चार टप्प्यांचा निव्वळ खर्च ३७५ किलोज्यूल येतो. म्हणजे दोन्ही अणूंना अष्टके प्राप्त होऊनही हिशेब तुटीतच राहतो. शेवटच्या टप्प्यात ७८७ ची भर पडली म्हणजे ४१२ किलोज्यूल शिल्लक राहतात. प्रत्यक्ष मापनाने मिळणारी निर्मिती-उष्णता ४११ आहे. एका किलोज्यूलचा फरक आकडे पूर्णांकात घेतल्याने पडला आहे. मिठाच्या स्थैर्याचा सारा भार पाचव्या टप्प्यावर, म्हणजे जालक-ऊर्जेवर आहे, हे यावरून स्पष्ट होते.

जालक-ऊर्जा इतकी मोठी का, याचेही उत्तर रचनेतच आहे. कोणत्याही एका आयनाच्या सान्निध्यात २.८२ अँगस्ट्रॉम अंतरावर सहा विजातीय आयन असतात. त्यांच्यापलीकडे बारा सजातीय, त्यांच्यापलीकडे आठ विजातीय, अशी आकर्षण व अपकर्षण यांची मालिका दूरवर चालू राहते. तिची बेरीज एर्विन माडेलुंग यांनी १९१८ मध्ये केली. मिठाच्या रचनेसाठी ती १.७४८ येते, म्हणजे त्याच अंतरावरील एका सुट्या आयन-जोडीच्या पावणेदोन पट आकर्षण स्फटिकात लाभते. या गणिताने ८६१ किलोज्यूल मिळतात. आयन अगदी निकट आल्यावर त्यांच्या इलेक्ट्रॉन-कवचांमध्ये जे अपकर्षण सुरू होते, त्यापोटी यातील सुमारे दशांश वजा होतो. ज्या घटकावर स्थैर्य अवलंबून आहे, तो एका अणूचा गुण नसून असंख्य आयनांच्या मांडणीचा गुण आहे.

५. मग अष्टकाचा अर्थ काय?

वरील विवेचनावरून अष्टकाचा नियम निरर्थक आहे असे मात्र समजू नये. सोडियम आयनावर नेहमी एकच धन भार व मॅग्नेशियम आयनावर दोन भार का असतात, याचे उत्तर त्यातूनच मिळते. फक्त ते उत्तर वेगळ्या रीतीने वाचावे लागते.

मॅग्नेशियममधून पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास ७३८, दुसरा काढण्यास १,४५१ आणि तिसरा काढण्यास ७,७३३ किलोज्यूल लागतात. सोडियमच्या बाबतीत पहिल्यास ४९६ व दुसऱ्यास एकदम ४,५६२ लागतात. ही उडी जेथे पडते, तेथेच बाह्य कवच संपून आतील अष्टक सुरू होते. तिचे कारण असे की, आतील इलेक्ट्रॉन अणुकेंद्राच्या अधिक निकट असतात व केंद्राच्या धन भारापासून त्यांना आडोसाही कमी मिळतो. जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये दिलेल्या नियमांनुसार सोडियमच्या बाह्यतम इलेक्ट्रॉनवर केंद्राच्या ११ भारांपैकी केवळ २.२ इतका परिणामी भार कार्य करतो. त्याच्या लगतच्या आतील इलेक्ट्रॉनांवर मात्र ६.८५ इतका.

आता दोन काल्पनिक संयुगांचा विचार करावा. एका सोडियमबरोबर दोन क्लोरीन असलेले संयुग घडवावयाचे झाल्यास त्याची जालक-ऊर्जा मॅग्नेशियम क्लोराइडइतकी, म्हणजे सुमारे २,५०० मानली, तरी दुसऱ्या आयनीभवनाचा खर्च भरून निघत नाही. एकंदर तूट दोन हजारांहून अधिक येते. असे संयुग नेहमीच्या परिस्थितीत होऊ शकत नाही. याउलट एका मॅग्नेशियमबरोबर एकच क्लोरीन असलेल्या संयुगाचा स्थूल हिशेब केल्यास सुमारे शंभर किलोज्यूलचा लाभच दिसतो. तरीही असा स्थिर घन पदार्थ मिळत नाही. कारण त्याच्या दोन मोलांचे विघटन होऊन मॅग्नेशियम धातू व नेहमीचे मॅग्नेशियम क्लोराइड तयार झाल्यास चारशेहून अधिक किलोज्यूल आणखी बाहेर पडतात. दुसरा इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च मोठा असला, तरी दुहेरी भाराच्या आयनामुळे वाढणारी जालक-ऊर्जा तो खर्च सव्याज परत करते. तिसऱ्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते अशक्य होते.

तात्पर्य, अष्टक हे अणूने गाठावयाचे उद्दिष्ट नसून खर्चाची मर्यादा आहे. आयनांच्या एकत्र येण्यातून मिळणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन काढण्याचा भार जेथपर्यंत पेलू शकते, तेथपर्यंत आयनीभवन जाते, आणि आवर्त सारणीच्या पहिल्या दोन गणांत ही सीमा नेमकी अष्टकाशी येते. ऋण आयनांच्या बाबतीतही हेच घडते. क्लोरीनच्या बाह्य कवचात एक जागा रिकामी असल्याने येणारा इलेक्ट्रॉन केंद्राच्या बऱ्याच मोठ्या परिणामी भाराखाली येतो. ती जागा भरल्यावर पुढच्या इलेक्ट्रॉनला दूरच्या नव्या कवचात जावे लागते व तेथे त्यास धरून ठेवणारे आकर्षण जवळजवळ उरत नाही.

६. नियमाच्या दोन्ही बाजूंचे अपवाद

अष्टक व स्थैर्य यांचे समीकरण किती शिथिल आहे, हे ऑक्साइड आयनाच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. ऑक्सिजनच्या अणूने पहिला इलेक्ट्रॉन घेतला असता १४१ किलोज्यूल बाहेर पडतात. दुसरा इलेक्ट्रॉन मात्र आधीच ऋणभारित झालेल्या आयनाकडून लोटला जातो. तो बळेच आत घालण्यास सातशेहून अधिक किलोज्यूल लागतात. म्हणजे पूर्ण अष्टक असलेला दुहेरी भाराचा ऑक्साइड आयन एकाकी स्थितीत टिकतच नाही. तो इलेक्ट्रॉन तत्काळ टाकून देईल. तरीही मॅग्नेशियम ऑक्साइड हा अत्यंत टिकाऊ पदार्थ आहे व भट्ट्यांच्या अस्तरासाठी वापरला जातो. कारण त्याची जालक-ऊर्जा ३,८०० च्या आसपास आहे. आयनाला स्थैर्य येते ते अष्टकामुळे नव्हे, तर सभोवतालच्या सहा मॅग्नेशियम आयनांमुळे.

उलटपक्षी, अष्टक नसलेले आयनही विपुल आहेत. गंजामध्ये असणाऱ्या तिहेरी भाराच्या लोह आयनाच्या बाह्य कवचात तेरा इलेक्ट्रॉन असतात. संक्रमणी मूलद्रव्यांच्या रसायनशास्त्राचा फार मोठा भाग अशाच आयनांचा आहे.

निष्क्रिय वायूंची निष्क्रियताही निरपेक्ष नाही, हे १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सिद्ध केले. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेते, असे त्यांना आढळले होते. ऑक्सिजन रेणूची व झेनॉन अणूची आयनीभवन-ऊर्जा जवळजवळ सारखी, म्हणजे ११७० च्या सुमारास आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तोच प्रयोग झेनॉनवर केला आणि तत्काळ एक रंगीत घन पदार्थ मिळाला. त्या पदार्थाची घटना प्रथम वाटली तितकी साधी नसल्याचे पुढे दिसून आले. परंतु झेनॉनची संयुगे होऊ शकतात, हे निर्विवाद ठरले. येथे बार्टलेट यांनी अष्टकाचा विचार केला नाही. त्यांनी ऊर्जेच्या आकड्यांची तुलना केली. नियमापेक्षा हिशेबावर भिस्त ठेवल्याने काय साध्य होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

सोडियमच्या बाबतीतही असाच प्रत्यय आला. १९७४ मध्ये जेम्स डाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात ऋणभारित सोडियम आयन असलेले स्फटिक तयार केल्याचे जाहीर केले. त्यांत सोडियमचा धन आयन एका मोठ्या पिंजऱ्यासारख्या सेंद्रिय रेणूत बंदिस्त केलेला असतो. त्यामुळे तो ऋण आयनाकडून आपला इलेक्ट्रॉन परत घेऊ शकत नाही.

७. परिस्थितीचा प्रभाव

स्थैर्य हे सभोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असते, या गोष्टीचा सर्वांत भव्य पुरावा प्रयोगशाळेबाहेर सापडतो. पृथ्वीवरील चुनखडी, हाडे किंवा समुद्राचे पाणी यांत कॅल्शियम नेहमी दुहेरी भाराच्या आयनाच्या रूपात, म्हणजे अष्टकासह आढळते. सूर्याच्या वर्णपटातील अत्यंत ठळक अशा दोन जांभळ्या रेषा मात्र एकेरी भाराच्या कॅल्शियम आयनाच्या आहेत. या आयनात अष्टकाबाहेर एक इलेक्ट्रॉन शिल्लक असतो. सूर्याच्या वर्णावरणात बऱ्याच उंचीपर्यंत या रेषा का दिसतात, याचे स्पष्टीकरण कलकत्ता विद्यापीठातील मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगेझिन’मधील निबंधात दिले. आयनीभवन हा रासायनिक विघटनासारखाच एक समतोल आहे, असे मानून त्यांनी त्यास ऊष्मागतिकीचे नियम लावले. एका अणूचे आयन व इलेक्ट्रॉन असे दोन कण होतात. म्हणून तापमान वाढल्यास आणि दाब कमी झाल्यास आयनीभवनाचे प्रमाण वाढते. त्या विरल वातावरणात ना स्फटिक असतो, ना पाणी. कॅल्शियम एक इलेक्ट्रॉन गमावतो तो कोणत्याही अष्टकाच्या दिशेने नव्हे, तर तापमान, दाब व आयनीभवन-ऊर्जा यांच्या समतोलानुसार.

पाण्यातही परिस्थितीच निर्णायक ठरते. मीठ विरघळताना स्फटिकाचे ७८७ किलोज्यूलचे बंधन सुटते. पण पाण्याचे ध्रुवीय रेणू दोन्ही आयनांभोवती गोळा होऊन सुमारे ७८३ किलोज्यूल परत करतात. राहिलेल्या चार किलोज्यूलची तूट असूनही मीठ सहज विरघळते, कारण कणांच्या विखुरण्याने एंट्रॉपी वाढते. स्फटिक नाहीसा झाला तरी आयन आयनच राहतात, ते पाण्याने त्यांना दिलेल्या आधारामुळे.

समारोप

अष्टकाचा नियम संयुजा लक्षात ठेवण्याचे व सूत्रे लिहिण्याचे उपयुक्त साधन आहे आणि त्या मर्यादेत त्याचे अध्यापनातील स्थान कायम राहील. परंतु त्याला कारण म्हणून स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्याला, मॅग्नेशियम दोन इलेक्ट्रॉन का देतो व तिसरा का देत नाही, ऑक्साइड आयन एकटा का सापडत नाही, झेनॉन फ्लुओरीनशी का संयोग पावतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येणार नाही. याउलट आयनीभवनाचा खर्च, इलेक्ट्रॉन-स्वीकाराची जमा आणि जालकापासून अथवा द्रावकापासून मिळणारा लाभ, असे तीन आकडे मांडण्याची सवय लागल्यास हे सर्व प्रश्न एकाच रीतीने सुटतात. म्हणून वर्गात सोडियमच्या अणूविषयी बोलताना तो ‘कोठे आहे’ व ‘कोणाच्या सान्निध्यात आहे’ हे प्रथम सांगणे आवश्यक आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात घन पदार्थांची रचना शिकविण्यापूर्वी बोर्न-हाबर चक्राची काही उदाहरणे, विशेषतः न घडणाऱ्या संयुगांची, विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतल्यास या विषयाचा पाया पक्का होईल.